खिडक्यांचे नियम: केविन, आयथ्री की ओपनबॉक्स?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं टॉवेल-चादरीचं एखादं ऑफिस घ्या. एका स्क्रीनवर गिम्पमध्ये जेकार्डचं डिझाइन, दुसरीवर लिब्रेऑफिसात ऑर्डरशीट, शिवाय फायरफॉक्सच्या दोन खिडक्या: एकीत जीएसटी, दुसरीत व्हॉट्सअ‍ॅप. जी ती आपल्या जागी उघडावी, एवढंच मागणं. लिनक्सवर हे काम विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्या मांडणारा प्रोग्राम, करतो; केविन, आयथ्री आणि ओपनबॉक्स हे असे तीन. कुठली खिडकी कुठे उघडायची, हे त्याला नियम लिहून सांगायचं.

आधी खिडकीची ओळख बघा. टर्मिनलवर एक्सप्रॉप (खिडकीची माहिती दाखवणारी कमांड) चालवून खिडकीवर क्लिक केलं की डब्ल्यूएम-क्लास या ओळीत दोन नावं येतात. पहिलं इन्स्टन्स, दुसरं क्लास. लिब्रेऑफिसच्या कॅल्क आणि रायटरचं इन्स्टन्स एकच असतं, म्हणून तिथे नियम क्लासवरच लावायचा.

खरा फरक जुळवणीत पडतो. गिम्पच्या क्लासला आवृत्तीचा आकडा चिकटलेला असतो: ‘गिम्प-२.१०’. आयथ्रीत नुसतं ‘गिम्प’ लिहिलं तरी भागतं, कारण तिथली रेजेक्स (नमुन्यावरून मजकूर जुळवायची पद्धत) नावातला तुकडाही पकडते; कॅपिटल-स्मॉल तेवढं सांभाळा. ओपनबॉक्सला अख्खं नाव हवं, नाहीतर शेवटी तारांकन (म्हणजे पुढे काहीही चालेल). केविनचं ‘डिटेक्ट’ बटण अख्खं नावच भरतं, त्यामुळे गिम्प ३ टाकलं की नियम चालायचा थांबतो. तिथे ‘सबस्ट्रिंग’ (नावाचा तुकडा) निवडा.

फायरफॉक्सचं दुखणं वेगळं. दोन्ही खिडक्यांचा क्लास एक, आणि पानाचं शीर्षक येतं खिडकी उघडल्यानंतर. आयथ्रीतला ‘फॉर-विंडो’ नियम शीर्षक बदललं की पुन्हा तपासतो. आयथ्रीचाच ‘असाइन’ नियम आणि ओपनबॉक्स खिडकी उघडतानाच काय ते ठरवतात. त्यापेक्षा जीएसटीसाठी फायरफॉक्सचं वेगळं प्रोफाइल (स्वतंत्र सेटिंग्जचा संच) करून ते वेगळ्या ‘क्लास’ पर्यायाने सुरू करा. एक्स-११ (लिनक्सवर खिडक्या दाखवणारी जुनी यंत्रणा) वर तिघांनाही ते ओळखता येतं.

संगणक चारजण वापरत असतील तर केविनच घ्या. ऑल्ट-एफ३ दाबून मेनूतूनच नियम करता येतो, फाइल उघडावी लागत नाही. मात्र जागेसाठी ‘फोर्स’ लावू नका, ‘अप्लाय इनिशिअली’ ठेवा. फोर्स केलेली खिडकी ओढून हलत नाही आणि बिघाड समजून बिचारा माउस बदलला जातो!

जुन्या, कमी रॅमच्या मशीनला ओपनबॉक्स पुरतो. त्याची आरसी-एक्सएमएल ही सेटिंग्जची फाइल बदलून ‘रीकॉन्फिगर’ केल्यावर उघड्या खिडक्या बंद करून परत उघडाव्या लागतात. हात कीबोर्डवरून न उचलणाऱ्याने आयथ्री घ्यावा. पुढे वेलँडसाठी, म्हणजे एक्स-११ च्या जागी आलेल्या यंत्रणेसाठी, स्वे या आयथ्रीसारख्या विंडो मॅनेजरवर गेलात तर क्लासऐवजी ‘अ‍ॅप-आयडी’ लिहायचा, कारण वेलँडच्या मूळ खिडक्या एक्सप्रॉपला दिसतच नाहीत.