जुळ्यांच्या जीनचा मेंढा: घ्यावा की नाही?

नारी सुवर्णाच्या रक्ताचा मेंढा आणला होता त्याचं पुढं काय झालं, पैसे वसूल झाले का, असं बरेच जण विचारतायत, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. मेंढा एका खासगी फार्मवरनं घेतलाय. त्या फार्मचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण एक तक्रारपण आहे आणि उगाच कुणाच्या पोटावर पाय नको.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आपली दख्खनी मेंढी म्हणजे एका वेताला एक कोकरू, जुळं झालं तर गावभर चर्चा. फलटणच्या निंबकर संस्थेनं, म्हणजे नारीनं, बंगालच्या सुंदरबनातली गारोल मेंढी आणून तिच्यातला जुळ्यांचा जीन दख्खनीत उतरवला. गारोल म्हणजे दहा-बारा किलोचं एवढुसं जनावर, मटणाच्या हिशोबानं काहीच कामाचं नाही, पण जुळी-तिळी सहज देते. मग पिढ्यान् पिढ्या मोठ्या मेंढ्यांशी संकर करत अंग दख्खनीसारखं ठेवलं आणि जीन तेवढा गारोलचा घेतला. त्या जीनचं नाव फेक-बी, आणि अशी तयार झालेली मेंढी म्हणजे नारी सुवर्णा. गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियात बुरूला मेरिनो म्हणून जुळी देणारी फेमस जात आहे, तिच्यातपण हाच जीन आहे आणि तो 1792-93 च्या सुमारास बंगालहून जहाजानं गेलेल्या मेंढ्यांतून तिकडं पोचला असं मानतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण निम्मी गिऱ्हाइकं इथंच नाराज होतात. मेंढा आणला, कळपात सोडला आणि पाच महिन्यांनी बघतो तर सगळ्यांना एकेकच कोकरू, मग फसवलं म्हणून बोंब. अरे बाबांनो, किती कोकरं होणार ते मेंढीच्या अंडाशयातनं किती बीजं सुटली त्यावर असतं, मेंढ्यानं कितीबी जोर लावला तरी एक बीज असेल तर कोकरू एकच. मेंढा फक्त जीन देतो आणि तो दिसतो त्याच्या लेकींमध्ये. म्हणजे आज मेंढा घेतला, लेकी जन्मल्या, दहा-बारा महिन्यांच्या झाल्या, फळल्या, परत पाच महिने, जवळपास दोन वर्षं गेली ना. त्यातपण पहिल्या वेताला बऱ्याच जणी एकच देतात, खरा रंग दुसऱ्या वेतापासनं. एवढा दम नसेल तर सरळ लोणंदच्या बाजारातनं चांगला दख्खनी नर घ्या.

जीन करतो काय ते आमच्या पशुवैद्यक डॉक्टरांनी मस्त समजावलं. साध्या मेंढीत दर 17 दिवसांच्या फेऱ्यात अंडाशयात बरेच फॉलिकल, म्हणजे बीजाच्या बारीक पिशव्या, वाढायला लागतात, पण एक पुढं जातो, इस्ट्रोजेन आणि इनहिबिन हे हार्मोन सोडतो, त्यानं मेंदूकडनं येणारा, फॉलिकल वाढवणारा एफएसएच हार्मोन उतरतो आणि बाकीचे उपाशी मरतात. फेक-बीवाल्या मेंढीत फॉलिकल लहान असतानाच पिकतात, एकेकटा हार्मोन कमी सोडतो, म्हणून एफएसएच लवकर पडत नाही आणि दोन-तीन जण टिकून राहतात, तेवढी बीजं सुटतात. बाहेरनं एकही इंजेक्शन नाही, हे मला फार आवडलं.

आता तक्रार. जीन डोळ्यांनी दिसत नाही, रक्ताच्या डीएनए टेस्टवरच कळतो. रिपोर्ट बीबी असेल तर जीनच्या दोन्ही प्रती आहेत, म्हणजे शंभर टक्के लेकींना एक प्रत जाणार. बी प्लस असेल तर निम्म्या लेकींनाच. आणि प्लस प्लस म्हणजे साधा मेंढा, फक्त रेट जुळ्याचा. आमच्या विक्रेत्यानं आधी मेंढ्याच्या आईचा जुळ्यांसोबतचा फोटो दाखवला, रिपोर्ट मागितला तर व्हॉट्सॲपवर पाठवला, त्यात टॅग नंबर खाडाखोड केलेला. मी म्हटलं माझ्यासमोर रक्त काढा, परत टेस्ट करा, रिपोर्ट आला की पैसे. कुरकुर केली पण केलं, आणि बीबीच निघाला, म्हणजे माल खरा होता, कागद ठेवायची शिस्त नाही. रिपोर्टवरचा नंबर आणि कानातला बिल्ला जुळल्याशिवाय गाडीत चढवू नका.

मेंढा म्हणून बघाल तर एक नंबर. अंगानं उंच, पाय मजबूत, आणि कामाला लगेच तयार. तेलात गेरू कालवून छातीला फासायचो, ज्या मेंढीच्या पाठीवर लाल उमटलं ती फळली. सतरा-अठरा दिवसांनी गेरूच्या जागी काजळी लावली, आता ज्या लालच्या पाठीवर काळं आलं ती उलटली, म्हणजे गाभ न राहता परत माजावर आली. आमच्याकडं फार थोड्या उलटल्या. फळवायच्या आधी दोन-तीन आठवडे मेंढ्यांना जरा भरडा वाढवा, बीजं सुटायला फरक पडतो.

लेकींचा रिझल्ट: निम्म्याच्या वर जुळी, एक तिळं. पण खरं काम इथनं सुरू होतं. पोटातल्या पिल्लाची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते, दोन असली की पोटात चारा मावत नाही, मेंढी अंगातली चरबी जाळते आणि मग खाणं सोडून भिंतीला डोकं लावून उभी राहते, श्वासाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास. तसं दिसलं की लगेच डॉक्टर, सकाळपर्यंत थांबायचं नाही. शेवटच्या दीड महिन्यात मका भरडा आणि शेंगदाणा पेंड सुरू पाहिजेच. वितानापण माणूस जवळ लागतो, पहिलं पडलं की मेंढी त्याला चाटत बसते, तेवढ्यात दुसरं पडतं ते जाळीसकट तसंच, नाकावरची जाळी पटकन काढली नाही तर डोळ्यांदेखत जातं. नाळेला आयोडीन, आणि तासाभरात दोघांच्या पोटात चीक गेला पाहिजे. जुळ्यातलं बारकं दुधाला मागं पडतं, त्याला बाटली लागते.

म्हणून माझं मत, बंदिस्त किंवा अर्धबंदिस्त करत असाल, घरचा चारा असेल, घरात रात्री उठणारं कुणी असेल तर डोळे झाकून घ्या. वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, घेऊन कोकणात जाणाऱ्या धनगर भावांनी मात्र विचार करून. रोज मुक्काम बदलायचा, कोकरं घोड्यावर लादायची, त्यात प्रत्येकीची दोन-दोन म्हणजे सगळ्या कळपाला हा जीन नको, घराजवळ राहणाऱ्या थोड्या मेंढ्यांपुरता बरा.

आणि लेकी वयात यायच्या आधी हा मेंढा विका किंवा अदलाबदल करा, बापाकडनं लेकी फळवू नका. त्यांना पुढं साधा दख्खनी नरच लावा. परत बीबी लावला तर निम्म्या नाती दोन प्रतीवाल्या होतील आणि तिळ्यांचा ताप वाढेल, दोन सडांवर तीन कोकरं कशी जगवणार? मी पाचपैकी चार स्टार देतो, एक कापला तो त्या खाडाखोडीचा. आमचा मेंढा आता द्यायचा आहे, रिपोर्ट आणि बिल्ला दोन्ही आहे, पण बदल्यात चांगल्या अंगाचा साधा दख्खनी नर पाहिजे.