ई-रीडरचे सात महिने : दऱ्या आणि दर्या

दिवाळीच्या आधी ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, घेतला, आता मे संपत आला. सहा इंची पडदा, ३०० पीपीआय (म्हणजे इंचाला ३०० ठिपके), पुढून येणारा उजेड, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्याबद्दल काही म्हणणं नाही. माझी तक्रार एका अक्षराची आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मालवणला गेलो. सांगोला, मिरज, कोल्हापूर करत फोंडाघाट उतरायला लागलो. खिडकीबाहेर दऱ्याच दऱ्या, आणि हातातल्या प्रवासवर्णनात मात्र 'सह्याद्रीच्या दर्या'. दर्या म्हणजे समुद्र! तो अजून घाटाच्या खाली, लांब होता. पुढे 'वार्यावर', 'पायर्या'. एका ठिकाणी तर आचार्यांनी वांगी चिरली. बिचारे आचारी! कुणाला हे क्षुल्लक वाटेल, मला दर पानावर दाताखाली खडा आल्यासारखं होत होतं.

एरवी सहलीत या यंत्राने जीव लावला. जिथे बसून वाचलं तिथे पुस्तकाचा फोटो काढायची माझी जुनी सवय. सिंधुदुर्गाच्या तटावर भर दुपारी काढलेल्या फोटोत पानावरचा मजकूर सुखाने वाचता येतो. पडद्यात काळे-पांढरे कण वरखाली होऊन अक्षर उमटतं, त्यामुळे ऊन जितकं कडक तितकं अक्षर ठळक. सोलापूरच्या माणसाला आणखी काय हवं? आठवडाभर चार्जर पिशवीतून बाहेर काढला नाही. कडक भाकरी-शेंगाचटणी खाताना बोट लागलं तर पुसून टाकता येतं. कागदावर तो तेलाचा डाग जन्मभर राहतो.

पण दर्या काही डोक्यातून जाईना. फेब्रुवारीत ग्राहक सेवेला फोन लावला. तीन फोन झाले. बंद करून चालू करा, फाँट बदला, आणि तिसऱ्यांदा, 'फॅक्टरी रीसेट करा मॅडम, पुस्तकं परत येतील.' विकत घेतलेली आली. मी केबलने टाकलेली पुस्तकं आणि त्यांच्यावरच्या चार महिन्यांच्या नोंदी गेल्या. विचारलं तर म्हणे, 'बॅकअप घ्यायला हवा होता.' मग हे आधी सांगायला काय झालं होतं? अकरा हजार मोजून घेतलेली वस्तू, आणि एक वाक्य सांगायची तसदी नाही! तेव्हाच लिहायला बसले असते तर एक तारा देऊन मोकळी झाले असते.

मार्चमध्ये दुसऱ्या प्रकाशनाचं पुस्तक टाकलं. त्यात 'दऱ्या', 'पायऱ्या' सगळं चोख. म्हणजे दोष यंत्राचा नव्हताच. भाच्याने प्रवासवर्णनाची फाईल उघडून दाखवली. 'ऱ्या' टंकायची एक जुनी रीत आहे : र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. फाईलचं रूपांतर करताना ते चिन्ह गळलं की र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. सरसकट बदलायचं म्हटलं तर 'सूर्या'चंही 'सूऱ्या' होईल. तेव्हा यंत्राबद्दलचं बोलणं मागे घेते. रीसेटबद्दलचं घेत नाही.

नोंदींपैकी सतरा सापडल्या, त्याही मोबाइलमधल्या सहलीच्या फोटोंत! तारकर्लीच्या फोटोत पडद्याच्या कडेला वाळूचे चार कण आहेत आणि अधोरेखित ओळीखाली माझी नोंद, 'आईला वाचून दाखवायचं.' रीसेटनंतर ते विसरूनच गेले होते. परवा रात्री वीज गेली तेव्हा पुढच्या उजेडात वाचून दाखवलं. तिने तो परिच्छेद दोनदा वाचायला लावला.

आता ऊन उतरलं की मी गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसते आणि हाताने एकेक 'र्या' तपासते. प्रवासवर्णनात एकसष्ट चुका निघाल्या, अडतीस दुरुस्त झाल्या. पहिली फोंडाघाटातलीच केली. उरलेल्या तेवीस झाल्या की यादी प्रकाशकांना पाठवणार आहे, पान क्रमांकांसकट.