एक्क्यांची जोडी: रेझ करायचं की दबा धरून बसायचं?

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात हातात दोन एक्के येण्याची शक्यता 221 डावांत एकदा. इतकी वाट पाहून आलेली पानं, आणि रेझ केला (बोली वाढवली) की सगळे फोल्ड करतील (पानं टाकून देतील) ही धास्ती. म्हणून नुसता कॉल करून (आहे तेवढीच बोली भरून), म्हणजे लिंप करून, गुपचूप बसायचा मोह होतो. मलाही व्हायचा.

आधी हिशोब पाहू. ब्लाइंड, म्हणजे दोन खेळाडूंनी पानं पाहण्याआधीच लावायच्या सक्तीच्या रकमा, 1-2 आहेत (स्मॉल ब्लाइंड 1, बिग ब्लाइंड 2). तुम्ही 6 चा रेझ केला, फक्त बिग ब्लाइंडने कॉल केला, तर पॉट (मधे जमलेले पैसे) 13. पुढे टेबलावर सगळ्यांची सामायिक पानं उघडत जातात: आधी तीन (फ्लॉप), मग चौथं (टर्न), मग पाचवं. त्या तिन्ही वेळा पॉटच्या दोन-तृतीयांश लावले आणि त्याने कॉल केले, तर शेवटी पॉट साधारण 165 होतो. लिंप केलं, दोन्ही ब्लाइंड स्वस्तात आत आले, तर पॉट 6. पुढे एकच जण राहिला आणि तुम्ही त्याच प्रमाणात लावलं, तर शेवट साधारण 76 वर. पत्ते तेच, पैसे निम्म्याहून कमी.

शिवाय गर्दी. एका अनोळखी हाताविरुद्ध एक्के सुमारे 85 टक्के वेळा जिंकतात, पाच जणांविरुद्ध जेमतेम 49. लिंपमुळे बिग ब्लाइंडवाला सत्ती-चौकी घेऊन फुकट फ्लॉप पाहतो. फ्लॉपवर सत्ती, चौकी, दुर्री पडते. तुम्हाला वाटतं, किती निरुपद्रवी फ्लॉप! त्याच्याकडे दोन जोड्या झालेल्या असतात आणि तुम्ही खुशाल पैसे टाकत राहता. रेझ केला असता तर ती पानं त्याने बहुधा तिथेच टाकली असती.

राजा-राणीच्या जोड्यांना तर लिंप नकोच. हातात दोन राजे असले तरी फ्लॉपवर एक्का येण्याची शक्यता 23 टक्क्यांच्या आसपास. राण्या असल्या तर एक्का किंवा राजा 41 टक्के वेळा येतो. स्वस्तात आत आलेला एखादा फुटकळ एक्का मग डोकेदुखी ठरतो.

लिंपची बाजू मला एकाच टेबलावर पटते: मागे असा कोणी बसलाय, जो लिंप दिसला की हमखास रेझ करतो. त्याने केला की लगेच री-रेझ करा. पण तो नेमका त्याच डावात गप्प बसला आणि चार जण फ्लॉपला पोचले, तर एक्के म्हणजे फक्त एक जोडी. टर्नवर दोघांनी जोर लावला की ती टाकायची तयारी ठेवा.