बडोद्यातून जर्मनीला निघताना माझे २,४३,५०० रुपये कसे गेले

आकडा आधीच सांगून टाकते: दोन लाख त्रेचाळीस हजार पाचशे रुपये. जर्मनीत नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एका माणसाला तीन वेळा मिळून दिले, स्वतःच्या फोनवरून, पूर्ण शुद्धीत. ओटीपी कुणी मागितला नाही, कुठल्या लिंकवर मी बोट ठेवलं नाही. आणि गेली अकरा वर्षं मी टेक्निकल रायटर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढून पोट भरते. हसू आलं तर हसा, आमच्या घरात हसून झालंय.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: यंत्राबरोबर जे पुस्तक येतं, बसवायचं कसं, चालवायचं कसं, बिघडलं तर आधी काय बघायचं, ते आम्ही लिहितो. बडोद्यात या कामाला तोटा नाही. मकरपुरा जीआयडीसी, सावली, वाघोडिया, सगळीकडे पंप, व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर करणारे बसलेत. त्यांना यंत्र युरोपात धाडायचं असलं की सीई मार्क, म्हणजे यंत्र तिकडच्या सुरक्षा नियमांत बसतं अशी खूण लागते, आणि तिकडच्या २००६ च्या मशिनरी डायरेक्टिव्ह नावाच्या नियमाप्रमाणे यंत्रासोबत सूचनापुस्तिका द्यावीच लागते. इंजिनिअरच्या डोक्यात असतं ते फिटरला कळेल असं कागदावर आणायचं, एवढंच काम. पण ते नीट करणारे फार नाहीत, आणि मी नीट करते असा माझा समज होता. अजून आहे.

मे २०२४ मध्ये नवरा ब्लू कार्डावर, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांना मिळणाऱ्या नोकरीच्या परवान्यावर, जर्मनीत स्टुटगार्टला गेला. मी मागून जायचं ठरलं होतं. फोनवर तो एकदा सहज म्हणाला, "तू आधी ये तर खरी, कामाचं इथे आल्यावर बघू." मला ते "बघू" झोंबलं. अकरा वर्षांचं काम इथे टाकून तिकडे जाऊन भाजी आणायला जर्मन शिकायचं? आपण आपली नोकरी घेऊनच विमानात बसायचं, असं मी मनाशी पक्कं केलं आणि त्याला काही बोलले नाही. पुढचं सगळं या न बोलण्यातून झालं.

ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला. समा भागातल्या आमच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी होतं. फ्रिज गेला, गाद्या गेल्या, आईची शिलाई मशीन गेली. चिखल काढताना रोज वाटायचं, आता इथून निघावं. मग गणपती आले. दांडिया बाजारातल्या एका मंडळाच्या आरतीला मी आईला घेऊन गेले होते, तिथे तो भेटला. चाळिशीचा माणूस, स्वच्छ झब्बा, बोलणं अगदी आपलं बडोदी मराठी, वाक्याच्या शेवटी गुजराती "ने" लागणारं. "ताई, आपली माणसं बाहेर जायला हवीत ने." तो पुण्याचा किंवा मुंबईचा असता तर मी चार प्रश्न जास्त विचारले असते. बडोद्यात मराठी माणूस भेटला की आपण आधी आडनाव विचारतो, मग कोणत्या पोळातले ते विचारतो, आणि तिथे चौकशी संपते.

त्याला माझ्या धंद्यातलं बरंच ठाऊक होतं. मॅन्युअल लिहायची डिटा पद्धत म्हणजे काय, फ्रेममेकर हे सॉफ्टवेअर कुठे वापरतात, सगळं. म्हणाला, स्टुटगार्टजवळच्या एका पंपाच्या कंपनीला पंप समजणारी रायटर हवी आहे. वर हेही म्हणाला, "डिपेंडंट व्हिसावर गेलात तर दोन वर्षं काम करता येत नाही. दोन वर्षांची गॅप पडली की तिकडे कोण विचारतंय?"

हे धादांत खोटं होतं. ब्लू कार्डवाल्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला जर्मनीत कुठलंही काम करायची मोकळीक असते. निघण्याआधी ए१ ची, म्हणजे अगदी पहिल्या पायरीची जर्मन परीक्षासुद्धा त्यांना द्यावी लागत नाही. म्हणजे नोकरीच्या ज्या व्हिसासाठी मी पुढे त्याला पैसे मोजले, त्याची मला गरजच नव्हती. नवऱ्याला एक प्रश्न विचारला असता तर इथेच खेळ खलास झाला असता.

पहिले गेले १८,५००. डिग्रीच्या मूल्यमापनाचे. मी एम. एस. युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीची, म्हणजे जुन्या कलाभवनची इंजिनिअर. जर्मनीत परदेशी पदव्या तपासणारं एक सरकारी कार्यालय आहे, त्याची फी तेव्हा २०८ युरो. मी घरी येऊन ती ताडून पाहिली, हिशेब साधारण जुळला, आणि माणूस सरळ आहे असं ठरवून टाकलं. फी खरी होती. फक्त त्याने ती भरली नाही. शिवाय आपलं विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे की नाही हे आनाबिन नावाच्या त्यांच्याच यादीत घरबसल्या फुकट बघता येतं, ते मला नंतर कळलं.

पावती मिळाली, रंगीत, जीएसटी नंबरासकट. आता ती समोर ठेवून लिहितेय. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे: गुजरातचे २४, महाराष्ट्राचे २७. या पावतीवर ऑफिसचा पत्ता अलकापुरीचा, नंबराची सुरुवात २७ ने, आणि एकूण अक्षरं चौदा. जीएसटीच्या पोर्टलवर कुठलाही नंबर टाकून कुणाचा आहे ते पाहता येतं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मी पावती घडी करून फाइलमध्ये लावली.

दुसरे ८५,०००. "जर्मनीत मॅन्युअल लिहायला सर्टिफिकेट सक्तीचं आहे, ताई." सक्तीचं नाही. डॉक्टर किंवा नर्सला तिकडे परवाना लागतो, टेक्निकल रायटरला लागत नाही. त्यांची टेकॉम नावाची व्यावसायिक संस्था आहे, ती सर्टिफिकेट देते, पण ते घ्यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. मला बदल्यात बारा पीडीएफ मिळाल्या, त्यातल्या निम्म्या वाकड्या स्कॅन केलेल्या.

मग आली "टेस्ट". इथे मी खरी अडकले. एका सेंट्रिफ्यूगल पंपाचं मॅन्युअल लिहून द्यायचं, चौसष्ट पानांचं. ड्रॉइंग आलं, भागांची यादी आली, एका फिटरने गुजरातीत बोलून ठेवलेल्या ऑडिओ क्लिपही आल्या. नवरात्र चालू होतं. बाहेर गरबा रंगलेला, खिडक्या थरथरत होत्या, आणि मी ऑफिसचं काम उरकून अकरा रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे लिहीत बसले. आई मध्येच उठून यायची, चहा ठेवायची. तिने एकदा विचारलं, "अगं, नोकरी देणारा पैसे देतो की घेतो?" मी म्हटलं, "आई, तुला यातलं कळत नाही."

खोटं काम असतं तर मला वास आला असता. पण काम शंभर टक्के खरं होतं. ड्रॉइंगमधली मापं जुळत होती, फिटर जे सांगत होता ते फिटरच सांगू शकतो. मोटर आणि पंप यांना जोडणारं कपलिंग लावण्याआधी मोटर एकटी क्षणभर फिरवून दिशा बघायची, उलटी फिरत असेल तर विजेच्या दोन फेजच्या तारा आपसात बदलायच्या, ही पायरी ड्रॉइंगवाल्यांनी दिली नव्हती. ती मी माझ्या अनुभवाने घातली. पंप कोरडा चालवला तर मेकॅनिकल सील जळतं, त्याची सूचना चौकटीत घेतली. "डेंजर", "वॉर्निंग", "कॉशन" हे शब्द कुठे वापरायचे यावर एक आख्खी रात्र घालवली. एवढं खरं काम देणारी कंपनी खोटी कशी असेल? माझं डोकं तेव्हा असंच चाललं.

व्हिडिओ मुलाखत झाली. समोरच्याचा कॅमेरा बंद, "नेटवर्क" म्हणून. दसऱ्यानंतर ऑफर लेटर आलं, वर्षाला ३९,६०० युरो. या कागदावर काय काय चुकलं होतं ते सांगते, कारण असे कागद अजून फिरत असतील. पत्त्यातल्या "स्ट्रासे" (रस्ता) या शब्दात जर्मन लोक दुहेरी स चं एक खास अक्षर वापरतात, त्याच्या जागी ग्रीक बीटा होता. लांबून सारखेच दिसतात. माझ्याकडच्या ज्युनिअरने हे केलं असतं तर मी लाल गोल केला असता. जर्मन मर्यादित कंपनीला आपल्या पत्रावर नोंदणी कोर्टाचं नाव, नोंदणी क्रमांक आणि संचालकांची नावं छापणं कायद्याने भाग आहे. इथे नुसता लोगो आणि सही. तो क्रमांक असता तरी त्यांच्या व्यापार नोंदवहीत तपासता आला असता, २०२२ पासून ती ऑनलाइन फुकट पाहता येते. ईमेलच्या पत्त्यात कंपनीच्या नावापुढे एक जास्तीचं डॅश होतं. आणि पीडीएफची प्रॉपर्टी उघडली की फाइल कुणी, कशात, कधी केली ते दिसतं. हे मी रोज करते, गिऱ्हाइकाच्या प्रत्येक फाइलला करते. या एका फाइलला केलं नाही. आनंदात होते.

तिसरे १,४०,०००, दिवाळीच्या आठ दिवस आधी. "व्हिसा सिक्युरिटी डिपॉझिट, परत मिळणारं." जर्मनीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाची फी ७५ युरो आहे. नोकरीच्या व्हिसाला डिपॉझिट नावाचा प्रकार नाही. पैसे कंपनीच्या नव्हे, एका बाईच्या बचत खात्यात गेले. "वाइफचं अकाउंट आहे, कंपनीचं ऑडिट चालू आहे." हेही मी गिळलं.

नंतर नुसत्या तारखा. दिवाळी झाली, बेसतं वर्ष म्हणजे गुजराती नवं वर्ष झालं, व्हिसाची अपॉइंटमेंट काही लागेना. नोव्हेंबरच्या शेवटी नवऱ्याचा वाढदिवस होता. त्या रात्री मी त्याला सरप्राइज दिलं: तुझ्यापासून वीस किलोमीटरवर मला नोकरी लागलीय, मीही ब्लू कार्डावर येतेय. तो खूश झाला, पगार विचारला, मी सांगितला. पलीकडे शांतता. मग म्हणाला, "एकोणचाळीस हजारात ब्लू कार्ड कसं देतील?" त्याला किमान पगाराचा आकडा तोंडपाठ होता, कारण स्वतःच्या वेळी त्याने तो धडधडत्या छातीने तपासला होता. २०२४ ला ४५,३०० युरो. टंचाईच्या व्यवसायांना आणि नुकती पदवी घेतलेल्यांना सवलत होती, तीही ४१,०४१ युरो ८० सेंटची. मी त्यातही बसत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने त्या कंपनीला फोन केला. कंपनी खरी निघाली. अशी जागाच नव्हती, आणि असा फोन करणारा तो पहिला नव्हता.

अलकापुरीतल्या काचेच्या ऑफिसात गेले तर ते तासांवर भाड्याने मिळणारं टेबल होतं. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "बेन, तुमच्यासारखे अजून दोघं येऊन गेले."

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा शेवटचे पैसे जाऊन पाच आठवडे झाले होते. हा नंबर पहिल्या काही तासांत लावायचा असतो, तेव्हा पैसे वाटेत कुठल्या खात्यात अडकवता येतात. माझे केव्हाच पुढे सरकले होते. सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, मग पोलिस ठाण्यात. तिथे यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक), बँक स्टेटमेंट आणि चॅट मागतात, तेव्हा चॅट रागाच्या भरात पुसू नका. मी अर्धं पुसलं होतं. हवालदार भला माणूस होता, म्हणाला, "फसवणुकीचं कलम. पूर्वीचं चारशे वीस, आता तीनशे अठरा." तिथेच कळलं की परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटाला १९८३ च्या एमिग्रेशन अॅक्टखाली नोंदणी लागते, नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर सगळ्यांना खुली आहे, आणि त्यांनाही तीस हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. आमचा माणूस त्या यादीत नव्हता, अर्थातच.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं, लाज वाटत होती. जानेवारीत मामेभाऊ घरी आला. मकरपुऱ्यात एका पंपाच्या कारखान्यात परचेसला आहे. पिशवीतून एक स्पायरल बाइंडिंग काढलं. "ताई, याचं इंग्रजी जरा बघ ना. बाहेरच्या एजन्सीकडून साठ हजारांत करून घेतलंय, एक्सपोर्टची ऑर्डर आहे."

मी मधलंच पान उघडलं. तक्ता ७, बोल्टचे टॉर्क, म्हणजे कुठला बोल्ट किती जोराने आवळायचा ते. दोन पानं पुढे पुन्हा तक्ता ७, बेअरिंगचं ग्रीस. अष्टमीच्या रात्री डोळे मिटत असताना मी केलेली चूक, आठच्या जागी सात. कपलिंगआधी मोटर फिरवून बघायची पायरीही तिथेच होती, माझ्याच शब्दांत. मी पानं उलटत राहिले. मामेभाऊ म्हणाला, "काय गं, इतकं वाईट आहे?"

पैशापेक्षा हे जास्त लागलं. मला त्याने नोकरीचं आमिष दाखवून गिऱ्हाईक केलं होतं, आणि माझं काम विकून दुसरं गिऱ्हाईक. दोन्हीकडून कमाई. कारखान्याचे शेठ ऐकून आधी विश्वासच ठेवीनात, मग त्यांनी एजन्सीचं बिल काढलं. बिलावरचं बँक खातं आणि माझे एक लाख चाळीस हजार गेले ते खातं एकच. त्यांनी बिलाची प्रत सही-शिक्क्यासकट दिली, ती मी तक्रारीला जोडली. तपास चालू आहे असं सांगतात. पैसे आलेले नाहीत.

माझी फॅमिली व्हिसाची अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात आहे, फाइल मी एकटीने केली आहे. आणि शेठनी परवा मॅन्युअलची दुरुस्ती माझ्याकडेच दिली. दुसरा तक्ता ७ आता ८ झालाय. त्याचे बावीसशे रुपये मिळाले, मी बिल पाठवलं त्याच दिवशी.