लिब्रेऑफिस, आठ महिन्यांनंतर: यादीत ‘बाऱ्हे’ दोनदा का येतं?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही. नवा कॉम्प्युटर घेण्याऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आणि लिब्रेऑफिस हा एमएस ऑफिससारखा मोफत प्रोग्राम टाकला. काम एवढंच: नाशिक जिल्ह्यातल्या शेतकरी गटांच्या याद्या, सभेच्या नोटिसा, जमाखर्च. लायसन्सपोटी एक रुपयाही गेलेला नाही. इन्स्टॉल करणं सोपं आहे, त्यावर लिहीत नाही.

छळलं ते ‘शेतकऱ्या’तल्या अर्ध्या ऱ ने. कॅल्कमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या एक्सेलमध्ये, गावावर फिल्टर लावला की सुरगाणा तालुक्यातलं बाऱ्हे दोनदा दिसतं. यादीतून नाव शोधून माहिती आणणारं व्हीलुकअप फंक्शन एका बाऱ्ह्याला बरोबर उत्तर देतं, दुसऱ्याला एन/ए, म्हणजे ‘सापडलं नाही’. पहिल्या महिन्यात याच रागापोटी दोन स्टार दिले असते. तो राग चुकीचा होता. तीच फाइल एक्सेलमध्ये उघडली तरी बाऱ्हे दोनच.

कारण असं, की हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिला जातो. एकात साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह. दुसऱ्यात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. पडद्यावर तसूभरही फरक नाही. कुणी मोबाइलवर, कुणी कॉम्प्युटरवर भरलेल्या याद्या एकत्र केल्या की दोन्ही मिसळतात.

उपाय: शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये सबस्टिट्यूट फंक्शन. नंबरावरून अक्षर देणारं युनिकॅर फंक्शन त्यात वापरायचं. शोधायचं ते युनिकॅर २३५२, २३८१ आणि ८२०५ जोडून. त्याजागी घालायचं ते युनिकॅर २३५३ आणि २३८१. सूत्रात आकडे इंग्रजीच टाइप करावेत. सगळ्याला बाहेरून ट्रिम लावावं, कारण नावामागे राहिलेली स्पेसही हाच घोळ करते. मग पेस्ट स्पेशलने फक्त मजकूर मूळ कॉलमवर टाकावा. साधं पेस्ट केलं तर मजकुराऐवजी सूत्रच तिथे जातं आणि एरर किंवा भलताच मजकूर येतो. नव्या नोंदी इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डने कराव्यात: शिफ्ट-जे, डी, पुढचं अक्षर.

फॉन्टचा प्रश्न त्यामानाने लहान. रायटर म्हणजे लिब्रेऑफिसचा वर्ड. त्यात परिच्छेदाच्या प्रत्येक स्टाइलमध्ये दोन फॉन्ट असतात, एक रोमन अक्षरांचा आणि एक देवनागरीसारख्या लिप्यांचा. देवनागरी ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’मध्ये मोडते. रोमनचाच साइज १४ केला तर मराठी मजकूर आहे तेवढाच राहतो, फक्त रोमन अक्षरं मोठी होतात. विंडोजमधला मंगल हा मराठी फॉन्ट लिनक्ससोबत येत नाही, म्हणून जुनी एका पानाची नोटीस उघडली की ओळींची उंची बदलून दोन पानांवर जाते. यशोमुद्रा किंवा नोटो सान्स देवनागरी यांपैकी एकच ठरवून टाकावा. फाइल दुसऱ्याला एडिट करायला द्यायची असेल तर फाइल मेनूतल्या प्रॉपर्टीजमध्ये, फॉन्टच्या टॅबवर, ‘एम्बेड फॉन्ट्स’ टिक करावं. नुसती वाचायला द्यायची असेल तर पीडीएफ.

आता चार स्टार. पाचवा राखून ठेवला आहे, कारण मराठीचा फॉन्ट कुठे बदलायचा हे प्रोग्राम आपणहून सांगत नाही आणि नवीन माणूस पहिल्या नोटिशीलाच तिथे अडकतो.