२०१० च्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट, सहा महिन्यांनंतर

लॅपटॉप बाबांचा, २०१० चा, कोअर टू ड्युओ, ४ जीबी रॅम, बॅटरी केव्हाच मेलीय त्यामुळे कायम चार्जरला टांगलेला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि ती या डब्यात असायचा प्रश्नच नाही. म्हटलं भंगारात द्यायच्या आधी लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम, टाकून बघू, २२ वालं, एक्सएफसीई डेस्कटॉपचं, हलकं आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट येणार.

एक संध्याकाळ तर नुसती पेनड्राइव्हवर गेली. मिंट सुरू करणारा पेनड्राइव्ह बनवायच्या रुफस या प्रोग्रॅममध्ये मी सवयीने जीपीटी (डिस्कची नवी मांडणी) ठेवलं, मशीन ढुंकूनही बघेना. बायोस (लॅपटॉप चालू होताना आधी चालणारा आतला प्रोग्रॅम) जुना, त्याला एमबीआर ही जुनी मांडणीच लागते. परत बनवला तरी बूटच्या यादीत पेनड्राइव्ह नाही! तो होता 'हार्ड डिस्क' या ओळीवर एंटर मारल्यावर आत, दुसऱ्या नंबरवर लपून बसलेला. वर आणला, सेव्ह केलं, लॅपटॉप उचलून हॉलमध्ये नेला, चालू केला तर पुन्हा जुनीच हार्ड डिस्क. असं तीनदा झाल्यावर डोक्यात आलं की चार्जर काढला की सेटिंग उडतंय, म्हणजे बायोसचं सेटिंग जपणारा आतला छोटा सेल संपलाय. कोपऱ्यावरच्या रिपेरिंगवाल्याकडून तो बदलून घेतला, तिथेच एसएसडी पण बसवून घेतली, २४० जीबीची. खरं तर स्पीडचं निम्मं श्रेय त्या एसएसडीलाच, मिंटला उगाच सगळं देत नाही.

मग पेनड्राइव्हवरून मिंटचा मेनू आला, एंटर मारलं आणि काळी स्क्रीन. टॅब दाबून शेवटचं 'क्वाएट स्प्लॅश' खोडून तिथे 'नोमोडसेट' (साध्या ग्राफिक्सवर चालू हो असं सांगणारा शब्द) टाइप केलं तेव्हा कुठे डेस्कटॉप दिसला. वायफायचा ड्रायव्हर नाही, आणि तो उतरवायला नेट पाहिजे, म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलं, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला दिलं, ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घेतला, सुटलो.

तेव्हापासून इन्स्टॉलला हात लावावा लागला नाही. बाबा ई-पेपर वाचतात, यूट्यूब बघतात, सोसायटीचा हिशोब लिब्रे ऑफिसमध्ये करतात. आयबस या टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावून दिला, तक्रार नाही. त्यांची जुनी पत्रं मात्र उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा कारण ती युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, त्या फॉन्टची टीटीएफ फाइल होम फोल्डरमधल्या फॉन्टच्या फोल्डरात टाकली आणि पत्रं जशीच्या तशी परत आली, त्या दिवशी बाबा पहिल्यांदा लिनक्सबद्दल चांगलं बोलले.

प्रिंटर शेवटपर्यंत चालला नाही, पीडीएफ करून बाहेरून प्रिंट काढतो. आणि झाकण लावलं की लॅपटॉप झोपतो तो उठतच नाही, बटण दाबून धरावं लागतं. पॉवर सेटिंगमध्ये झाकणाला 'काही करू नको' करून ठेवलंय पण बाबांचा विश्वास उडाला तो उडालाच, ते झाकण लावतच नाहीत, धूळ बसू नये म्हणून वर कालचा पेपर पसरून ठेवतात.