मिनी दाल मिल: 3 हंगाम चालवून पाहिल्यावर लिहून रायली

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, घरात सहा जण, आणि तीन हंगामापासून घरी मिनी दाल मिल आहे. उन्हाळा लागला की फोन सुरू होतात, वहिनी मशीन कशी आहे, घेऊ का, कोणती घेऊ. प्रत्येकाला अर्धा-अर्धा तास सांगून होते आणि तिकडे डाळ तशीच पडून राहते, म्हणून एकदाचं सगळं इथं लिहिते.

मशीन चांगली आहे, घेतल्याचा पस्तावा नाही. 2 एचपीची मोटर, सिंगल फेजवर चालते, थ्री फेजच्या मागं लागायचं काम नाही आणि मी एकटी चालू-बंद करू शकते. आम्ही अशी मशीन पहिल्यांदा अकोल्याला पाहिली, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात 27 डिसेंबरच्या आसपास अॅग्रोटेक म्हणून शेतीचं प्रदर्शन भरते तिथं. भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, गेले होते तुरीचं वाण पाहायला अन् आले ते दाल मिल डोक्यात घेऊन. तोवर आमची तूर जशीच्या तशी अडत्याच्या काट्यावर जायची आणि सालभराची डाळ आम्हीच दुकानातून विकत आणायचो, घरची तूर असून. मशीन मग आम्ही दुसऱ्या एका वर्कशॉपमधून घेतली, त्याचं नाव लिहत नाही. किंमतही लिहत नाही कारण ती दरवर्षी बदलते, तीन ठिकाणचं कोटेशन घ्या आणि मोटर, चाळण्या अन् एक जास्तीचा रोल (तुरीची साल घासून काढणारा मशीनमधला गोल भाग) त्यात धरला का ते विचारा.

डाळ कशी निघते म्हणाल तर घरच्यासारखी. पॉलिश नाही, चकाकत नाही, शिजते लवकर आणि वरणाला वास येते. क्विंटलभर तुरीतून आमची 70 किलोच्या आसपास डाळ पडते, बाकी चुरी अन् टरफल, ते ढोरांना जाते, वाया काही जात नाही. फक्त दोन वाणं एकत्र टाकू नका. आमच्याकडं आशा पण असते आणि बीडीएन 711 पण, पहिल्या वर्षी घाईत मिसळली तर लहान दाणा सालीसकट बाहेर आला आणि मोठ्याचा चुरा झाला. चाळून, दाणा सारखा करूनच टाकायची.

आता कोटेशनवर जे लिहिलेलं नसते ते. त्याच्यावर असते तासाला क्विंटलभर. माझ्या नवऱ्यानं मशीन आली त्याच दिवशी हिशोब मांडला, 8 तास म्हणजे 8 क्विंटल, महिन्याचे 200 क्विंटल. तसं होत नाही हो. तूर आधी एकदा मशीनमधून काढून सालीला नुसता ओरखडा पाडायचा, मग क्विंटलला अर्धा किलोच्या आसपास गोडेतेल चोळायचं, रात्रभर ढीग झाकून ठेवायचा, मग दोन-तीन दिवस कडक ऊन, मग पाणी शिंपडून पुन्हा रात्रभर ठेवायची, पुन्हा वाळवायची आणि तेव्हा कुठं भरडायची. घाई केली की साल डाळीला चिकटून राहते. एका लॉटला 5-6 दिवस जातात आणि त्यात मशीन चालते ती एखाद्या दिवसभर, बाकी सगळं काम उन्हाचं आणि स्लॅबचं. आमचा स्लॅब 20 बाय 30 फुटाचा, पातळ पसरली तर साडेचार क्विंटलच्या वर बसत नाही. म्हणजे आमच्या कारखान्याची ताकद मोटरीवर नाही, त्या स्लॅबवर आहे, आणि हे कळायला आम्हाला एक पूर्ण हंगाम लागला.

त्या हंगामात पुतण्यानं व्हॉट्सअॅपवर फोटो टाकले, नागपूर-अमरावतीवाले सालभराची डाळ एप्रिल-मेमध्ये भरतातच, पुण्याच्या नातेवाईकांनी त्यांच्या सोसायटीत सांगितलं, आणि मी येईल त्याला हो म्हणत गेली. एप्रिलमध्ये वहीत 26 क्विंटल डाळ लिहिलेली होती आणि निघाली 14. लोकांचे ॲडव्हान्स आलेले. त्याच्या आधी मार्चमध्ये रात्री अवकाळी आला, आम्ही सगळे ताडपत्र्या घेऊन स्लॅबवर, तरी एक लॉट भिजला, तेल लावलेली तूर होती, वास आला तिला. ती कोणालाच दिली नाही, पैसे वापस केले. आणि ऐन एप्रिलमध्ये रोल घासला, फोन केला तर आज पाठवतो उद्या पाठवतो करत 19 दिवस लावले त्यांनी. म्हणून सांगते, एक रोल, एक बेल्ट आणि एक कॅपॅसिटर घरात आधीच आणून ठेवा. संध्याकाळी आमच्याकडं व्होल्टेज पडते, मोटर घों घों करते पण उचलत नाही, तेव्हा जबरदस्तीनं चालवू नका, सकाळी लवकर चालवा.

धुराळा खूप. पहिल्या वर्षी पडवीत बसवली होती, सासूबाईंना खोकला लागला तो महिनाभर गेला नाही, मग मागं टिनाचं शेड टाकून तिकडं नेली. तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय जवळ उभं राहू नका.

पण या सगळ्यापेक्षा मला एक गोष्ट जास्त लागली. गल्लीतली एक म्हातारी आजी 2 पायल्या तूर घेऊन भरडायला आली आणि मी म्हटलं आजी पुढच्या आठवड्यात या, पुण्याचं पॅकिंग आहे. ती तीन वेळा आली, तिन्ही वेळा डोक्यावर गाठोडं, तिन्ही वेळा वापस. मामंजींनी पाहिलं. रागावले नाहीत, जेवताना एवढंच म्हणाले, पोरी, आपली मशीन नव्हती तेव्हा हिच्याच जात्यावर आपली डाळ भरडून आणत होतो. मला पुढचा घास गेला नाही. दुसऱ्या दिवशी मीच तूर आणायला तिच्या घरी गेली. तेव्हापासून शनिवार गावचा, त्या दिवशी बाहेरची एक पिशवी भरली जात नाही, ऑर्डर किती का असेना.

मागच्या वर्षी नवरा म्हणे दुसरी मशीन घेऊ, कर्जावर. पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत तेव्हा 35 टक्के अनुदान होतं, 10 लाखापर्यंत, पण ते कर्जाला जोडलेलं, रोख हातात पडत नव्हतं, आणि मशीन दोन झाल्या तरी वाळवणार कुठं. मी अडून बसली. त्याऐवजी शेजारच्या काकांचा स्लॅब घेतला, भाडं म्हणून त्यांच्या घरची सालभराची डाळ. दोन बाया रोजानं लावल्या निवडायला. यंदा वहीत 20 क्विंटल झाले की ऑर्डर बंद, ॲडव्हान्स घेतच नाही, डाळ तयार झाली की फोन करते. काही लोकं नाराज झाले, एक-दोन जुने गिऱ्हाईक तुटले, त्याचं वाईट वाटते.

तर घ्या, मशीन घ्या, पण कोटेशन मागायच्या आधी टेप घेऊन स्लॅब मोजा आणि घरात सकाळपासून मोकळे हात किती ते मोजा. चालू मशीन पाहायची असेल तर आमच्याकडं या, फक्त शनिवार सोडून, त्या दिवशी दारात गाठोड्यांची लाइन असते.